क्षेत्रटिपणे कशी लिहावीत

क्षेत्रटिपणे म्हणजे लोकांमध्ये जाऊन त्यांच्या जीवनाचा अभ्यास करताना, म्हणजेच क्षेत्रकार्यात, लिहिलेल्या नोंदी. समोरचा माणूस मोकळेपणाने बोलत असताना मोठी वही उघडून बसू नये. आपण अभ्यासक आहोत हे त्याला आधीच सांगितलेले असावे, आणि खिशातल्या छोट्या वहीत दोन-चार शब्द, एखादे नाते, एखादा आकडा एवढेच टिपावे. त्याच रात्री, झोपण्यापूर्वी, त्या शब्दांच्या आधाराने तारीख, स्थळ व उपस्थितांसह सविस्तर टिपण लिहून काढावे. एक दिवस मध्ये गेला तरी संभाषण आठवते ते आपल्या भाषेत, बोलणाऱ्याच्या नव्हे.

हा भाषेचा मुद्दा किरकोळ नाही. महाराष्ट्रातल्या खेड्यात कोणी ‘भावकी’ म्हटले आणि आपण ‘नातेवाईक’ असे लिहिले, तर पितृवंशाचे बांधव आणि लग्नसंबंधाने जोडलेले सोयरे यांतला भेद, ज्यावर जमिनीचे वाद आणि सुतकाचे नियम बेतलेले असतात, तो टिपणातून कायमचा पुसला जातो. म्हणून उच्चारलेला शब्द अवतरणचिन्हांत जसाच्या तसा ठेवावा.

पाहिलेले आणि त्यावरून काढलेले अनुमान यांची सरमिसळ करू नये. ‘पंगतीत अमुक घरची माणसे शेवटी बसली’ हे निरीक्षण आहे. ‘त्यांना कमी लेखले जाते’ हे अनुमान आहे, आणि त्याची जागा समासात. कदाचित ती माणसे वाढायला थांबली असतील.

आपला राग, कंटाळा, एकटेपणा यांसाठी स्वतंत्र रोजनिशी ठेवावी. पॅसिफिक महासागरातील ट्रोब्रियांड बेटांवर काम करणारे मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांची खासगी रोजनिशी त्यांच्या मृत्यूनंतर, १९६७ साली, प्रसिद्ध झाली आणि तिच्यातील स्थानिकांविषयीच्या चिडक्या नोंदींनी मोठी खळबळ उडाली. माझ्या मते त्या नोंदींमुळेच त्यांचे उरलेले लेखन अधिक सावधपणे वाचता येते.

टिपणांच्या प्रती मात्र एका जागी ठेवू नयेत. म्हैसूरजवळच्या रामपुऱ्यात १९४८ साली केलेल्या क्षेत्रकार्याच्या संस्कारित, म्हणजे नीट मांडून पुन्हा लिहिलेल्या, टिपणांच्या तिन्ही प्रती समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या अमेरिकेतील स्टॅनफर्डमधील अभ्यासिकेतच होत्या, आणि १९७० साली तिथे लावलेल्या आगीत त्या जळाल्या. पुढे त्यांनी त्या गावावरचा ग्रंथ मुख्यतः आठवणींवर लिहिला. आज पानांची छायाचित्रे रोज दुसरीकडे पाठवणे सोपे आहे. पण त्यापूर्वी खरी नावे काढून सांकेतिक नावे घालावीत आणि कोणते सांकेतिक नाव कोणाचे याची यादी टिपणांपासून दूर, कुलूपबंद ठेवावी.