क्वेसारच्या चार प्रतिमा आणि माझा पहिला प्रोजेक्ट

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मला प्रोजेक्टला एकच क्वेसार (कृष्णविवरामुळे तळपणारं, दूरच्या दीर्घिकेचं केंद्र) मिळाला: सिंह राशीतला पीजी १११५+०८०. वाटेतल्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणामुळे त्याच्या चार प्रतिमा दिसतात आणि त्यांतल्या दोन, ए१ आणि ए२, अगदी खेटून आहेत. भिंगाचं, म्हणजे प्रकाश वाकवणाऱ्या या दीर्घिकेचं, वस्तुमान एकसंध पसरलेलं असेल, तर अशा जोडीचं तेज जवळपास सारखं यायला हवं. माझ्या मॉडेलमध्ये प्रतिमांच्या जागा सुरेख बसल्या, पण दृश्य प्रकाशात ए२ बरीच मंद निघाली. मला वाटलं, तेज बिघडवणारा कृष्णद्रव्याचा, म्हणजे न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्याचा, गोळा सापडला! दोन आठवडे त्याचं वस्तुमान बसवत राहिले.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी एवढंच विचारलं, "त्या दीर्घिकेत तारे नाहीत का?"

तिथून विषय खरा कळायला लागला. क्वेसारचा दृश्य प्रकाश कृष्णविवराभोवतीच्या इवल्याशा तबकडीतून येतो, त्यामुळे वाटेतला एकटा ताराही त्याचं तेज कमीजास्त करू शकतो. मध्य-अवरक्त प्रकाश मात्र भोवतालच्या ऐसपैस पसरलेल्या तप्त धुळीतून येतो. एखाद्या ताऱ्याचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. २००५मध्ये सुबारू दुर्बिणीच्या मध्य-अवरक्त निरीक्षणांत ए२ आणि ए१ यांचं गुणोत्तर सुमारे ०.९३ आलं. म्हणजे करामत ताऱ्यांची होती. त्याच निरीक्षणांत बी१४२२+२३१ या दुसऱ्या चार प्रतिमांच्या क्वेसारची तेजातली विसंगती मात्र तशीच राहिली, आणि तिथे गोळ्याचा संशय धरायला जागा आहे. या निरीक्षणांचा शोधनिबंध जरूर वाचा. मला पाठ्यपुस्तकापेक्षा त्यानेच जास्त शिकवलं.

या गोळ्यांचं एवढं महत्त्व का? कृष्णद्रव्य 'थंड', म्हणजे संथ कणांचं, असेल तर एक कोटी सूर्यांएवढे, जवळपास तारेच नसलेले गोळेही भरपूर असायला हवेत. 'कोमट', म्हणजे जरा वेगवान कणांचं, असेल तर असे गोळे कमी असतात. प्रकाश नसलेल्या वस्तूचं वजन करायची ही रीत मला आजही थक्क करते.

तयारी म्हणाल तर पायथन, बेझियन सांख्यिकी आणि लेन्स्ट्रॉनॉमी हे अशा भिंगांची मॉडेल्स बनवायचं मुक्त सॉफ्टवेअर. आधी प्रतिमांच्या जागा जुळवा, मग तेज. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेत सुट्टीतल्या विद्यार्थ्यांसाठी उपक्रम असतो, तिथे जरूर अर्ज करा. आणि एका भिंगावरून निष्कर्ष काढू नका: जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने मध्य-अवरक्तात अशा ३१ क्वेसारांचा सर्वेक्षण प्रकल्प हाती घेतला, तो याच कारणासाठी.