बॉनेटवर खडीने उडालेले टवके घरच्या घरी कसे भरायचे

मुंबई-गोवा हायवे असो, घाटरस्ता असो की क्रशरजवळचा गावाकडचा रस्ता, पुढे खडीचा डंपर असला की बॉनेटवर टण्णकन आवाज येणार हे ठरलेलंच. आपल्याकडची खडी म्हणजे काळ्या बेसाल्टची, कडक आणि धारदार, ती ऐंशीच्या स्पीडला लागली की रंगाचा टवका उडतोच. आता हा टवका बघून दोन टाईपची माणसं असतात, एक जी तीन वर्षं बघतच नाहीत आणि मग गंजाचा फोड आला की बोंबलतात, आणि दुसरी जी लगेच जाऊन अख्खं बॉनेट रंगवून आणतात. माझ्या मते दोन्ही चूक. टवका भरायचा तो गंज थांबवायला, दिसू नये म्हणून नाही. अगदी जवळून बघितलं तर तो थोडा दिसणारच, चार फुटांवरून दिसला नाही म्हणजे काम झालं.

अख्खं बॉनेट रंगवू नका असं मी का म्हणतो तेही सांगतो. कंपनीत पत्र्यावर आधी गंजरोधक थर बसतो, त्यावर प्रायमर, मग रंग आणि वर क्लिअर कोट, म्हणजे बिनरंगाचा पारदर्शक थर, आणि सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. खालचे थर कंपनीत १४० डिग्रीच्या वर भाजले जातात. बाहेरच्या पेंटरच्या बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीत, ६०-८० डिग्रीच मिळतात कारण गाडीत वायरिंग, प्लास्टिक, काचा सगळं बसलेलं असतं. त्यामुळे कंपनीचा रंग तो कंपनीचा रंग, शिवाय गाडी विकायला काढली की सेकंडहॅंडवाला जाडी मोजायचं मीटर लावतो आणि बॉनेटवर आकडा दुप्पट आला की लगेच विचारतो, कुठे ठोकली होती?

आधी टवका नीट बघा, मोबाईलचा टॉर्च तिरका धरून. नखाला जेमतेम लागतोय आणि आत गाडीचाच रंग दिसतोय तर फक्त क्लिअर कोट गेलाय, पॉलिश करा आणि विषय सोडा. आत राखाडी दिसलं तर प्रायमरपर्यंत गेलाय, गंजाची घाई नाही पण भरून टाका. चकचकीत पत्रा किंवा तांबूस डाग दिसला तर मात्र ह्याच आठवड्यात हात घाला. अलिबाग, रत्नागिरी, मालवण अशा खाऱ्या हवेच्या गावी गाडी उभी असेल तर अजूनच लवकर. बंपर प्लास्टिकचा असतो, तो गंजत नाही, त्यामुळे तिथले टवके शेवटी राहिले तरी चालतात. सगळ्यांच्या नजरेतून सुटणारी जागा म्हणजे काचेच्या वरची छताची कड, तिथे टवके असतात पण उंचावर म्हणून कोणी बघत नाही, आणि दुसरी पुढच्या चाकामागची दाराची खालची बाजू.

साबुदाण्याएवढ्या टवक्यापर्यंत हे घरी जमतं. त्याहून मोठा असेल, पोचा आला असेल किंवा रंग फुगून कडेने उचलला गेला असेल तर सरळ पेंटरकडे, तिथे पुट्टी आणि स्प्रेचं काम आहे.

रंग घेताना "पांढरा द्या" असं म्हणून चालत नाही, एकाच कंपनीच्या पांढऱ्यात पण दोन-तीन शेड असतात. गाडीवर कलर कोड असतो, बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा बॉनेट उघडल्यावर आतल्या प्लेटवर, तो नाही सापडला तर सर्व्हिस सेंटरला चॅसी नंबर सांगून विचारा. त्या कोडची टचअप बाटली किंवा पेन घ्या, कंपनीच्या ॲक्सेसरीजमध्ये मिळते, ऑनलाइन पण मिळते. सोबत छोटी क्लिअर कोटची बाटली, थोडा प्रायमर, मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल, लाकडी टूथपिक, मायक्रोफायबर कापड, २००० आणि ३००० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा बारीक पॉलिश पेपर) आणि रबिंग कंपाउंड (घासून चकाकी आणायची पेस्ट). एवढंच. बाटलीच्या झाकणातला ब्रश वापरूच नका, तो नेलपेंटसारखा जाड असतो आणि टवक्याच्या तिप्पट जागा रंगवून ठेवतो.

गाडी शॅम्पूने धुवा, डांबराचे ठिपके असतील तर तेही काढा, मग सावलीत पूर्ण वाळू द्या. टवक्यात पाणी अडकून राहतं, लांबून हेअर ड्रायर मारला तर बरं. मग अल्कोहोलने ती जागा पुसा, आणि हे पुसणं सगळ्यात महत्त्वाचं आहे कारण टायर पॉलिश, डॅशबोर्ड पॉलिश, वॅक्स ह्यातलं सिलिकॉन बॉनेटवर पसरलेलं असतं आणि त्यावर रंग टाकला की तो बसत नाही, खळगे पडून बाजूला सरकतो. थिनर घेऊन घासत बसू नका. कंपनीच्या रंगाला तो एखादवेळी सोसतो पण आधी कुठे टचअप किंवा रिपेंट झालं असेल तर तो भाग मऊ पडून निघून येईल.

टवक्याच्या कडेला सुटलेला रंग असेल तर मास्किंग टेप दाबून चिकटवा आणि झटकन ओढा, जे सैल आहे ते निघून येतं. ते तसंच ठेवून वर रंग भरला तर पुढच्या प्रेशर वॉशला दोन्ही एकदम उडणार. गंज असेल तर सुईच्या टोकाने किंवा वॉटर पेपरचा बारीक तुकडा गुंडाळून फक्त टवक्याच्या आतच खरवडा, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. खोलवर गेलेला गंज पूर्ण निघत नाही, तिथे रस्ट कन्व्हर्टरचा एक थेंब टाका, तो गंजाला काळा करून पक्का करतो, बाटलीवर लिहिलाय तेवढा वेळ थांबा. आणि पत्रा उघडा केलात की त्याच दिवशी प्रायमर लावा, दमट हवेत उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी परत तांबूस झालेला असतो.

आता भरणं. पॅनल गार पाहिजे, ऊन थेट नको. टूथपिकच्या टोकावर अगदी थोडा प्रायमर घेऊन टवक्याच्या मधोमध टेकवा, तो स्वतःच कडेपर्यंत पसरतो, ओढायचा नाही. पातळ थर, तासभर वाळू द्या. मग रंगाची बाटली चांगली दोन मिनिटं हलवा, मेटॅलिक असेल तर अजून जास्त, कारण त्यातली चमकी तळाला बसलेली असते आणि न हलवता लावलं तर शेड वेगळीच येते. आधी जुन्या प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणावर ठिपका टाकून वाळल्यावर गाडीशी लावून बघा, ओला रंग आणि वाळलेला रंग ह्यात फरक असतो. मग तसाच टूथपिकने एक पातळ थर, अर्धा-पाऊण तास थांबा, दुसरा थर, गरज पडली तर तिसरा. एकाच दमात खड्डा भरायचा मोह होतो, तो टाळा, वरून कातडं धरतं आणि आत ओलं राहतं, मग आठवड्याने बघितलं तर मधोमध खोलगट झालेलं असतं. रंग आजूबाजूच्या लेव्हलच्या किंचित खाली राहिला पाहिजे कारण वर क्लिअर यायचाय, आणि क्लिअर मात्र लेव्हलच्या जरा वर, बारीक उंचवटा हाताला लागेल इतका.

बाहेर सांडलं तर घाबरू नका, ओलं असताना कापडाला अल्कोहोल लावून पुसून टाका.

हार्डनर मिसळायच्या टू-के क्लिअरचे स्प्रे कॅन पण मिळतात, ते एका टवक्यासाठी घेऊच नका. त्यात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, ते फुप्फुसांना वाईट आणि साधा कापडी मास्क त्याला पुरत नाही.

ह्यानंतर निदान आठवडाभर तिथे हात लावायचा नाही, धुणं नाही, वॅक्स नाही. बरेच जण इथेच थांबतात आणि खरं सांगायचं तर थांबलं तरी चालतं, गंज तर अडला. उंचवटा खुपत असेल तरच पुढे जा. पेन्सिलच्या मागच्या रबराला २००० चा वॉटर पेपर लावून, साबणाचं पाणी टाकत, फक्त उंचवट्यावर हलक्या हाताने घासा, दर पाच-सात वेळा घासलं की पुसून बघा. क्लिअर कोट एकूण ४०-५० मायक्रॉनचाच असतो, जोर लावलात तर आजूबाजूचा क्लिअर जाऊन टवक्यापेक्षा मोठा धब्बा बनेल. मग ३०००, मग कंपाउंड हाताने, मशीन नको.

पावसाळ्यात हे काम शक्यतो काढू नका, हवेतला ओलावा वाळणाऱ्या क्लिअरमध्ये अडकून पांढरट ढग येतो. दिवाळीनंतरची कोरडी हवा बेस्ट. पण जूनमध्येच पत्र्यापर्यंत टवका उडाला तर चार महिने उघडा ठेवणं परवडत नाही, तेव्हा कोरडी दुपार बघून ड्रायरने वाळवा आणि तात्पुरतं बिनरंगाचं नेलपेंट लावा, हसू नका, चालतं, फक्त नंतर नीट भरायच्या आधी ते पूर्ण काढून टाकायचं.

मोती रंगाच्या पांढऱ्या आणि काही लाल गाड्यांना तीन थरांचा रंग असतो, त्याच्या बाटल्या पण दोन येतात, तिथे हुबेहूब मॅच विसरा. आणि कोणी म्हणालं की इन्शुरन्समधून करून घे, तर आधी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, आठवा, पाच वर्षं क्लेम न करता तो ५० टक्क्यांवर जातो आणि एका क्लेममध्ये शून्यावर येतो. सिरॅमिक कोटिंगने पण खडी थांबत नाही, थांबवली तर पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्मच थांबवते, पण तिचा खर्च बघून ठरवा. बाटली वापरून झाली की तोंड पुसून झाकण घट्ट लावा आणि घरात सावलीत ठेवा, डिकीत ठेवलीत तर एका उन्हाळ्यात आत गोळा झालेला मिळेल.