सर्व्हर बाहेर कोणाशी बोलतोय?

नोकरीचा तिसरा आठवडा, रात्रपाळी. लिनक्स सर्व्हरवर चालू कनेक्शनची यादी काढली आणि अनोळखी आयपींची रांग बघून माझी पाचावर धारण बसली. त्यातला एक पत्ता परदेशातला, पोर्ट (म्हणजे कनेक्शनच्या दाराचा नंबर) १२३. कोणालाही न विचारता तो पोर्ट फायरवॉलमध्ये बंद केला आणि शिफ्टच्या नोंदीत ऐटीत लिहूनही ठेवलं. ते एनटीपी होतं. सर्व्हर बिचारा घड्याळ जुळवत होता. काही आठवड्यांनी घड्याळ मागे पडलं, घड्याळावर चालणारे लॉगिनचे ओटीपी चुकायला लागले, तेव्हा माझी ती नोंद सगळ्या टीमने वाचली.

तेव्हापासून मी पत्त्यापाशी अडकत नाही. आधी बघतो, कनेक्शन उघडलं कोणी? लिनक्स स्वतः बाहेर जाताना सहसा ३२७६८ ते ६०९९९ यांतला पोर्ट घेतं. आपल्या बाजूला असा मोठा आकडा आणि समोर ४४३ (सुरक्षित वेबसाइटचा पोर्ट), म्हणजे आपण गेलोय. उलट असेल तर तो आपल्याच वेबसाइटवर आलेला पाहुणा. नवखे घाबरतात ते बहुतेक या पाहुण्यांनाच. यादीत ‘टाइम-वेट’ अशी अवस्था दिसते, त्या ओळीपुढे प्रोसेसचं नाव नसतं, त्यातही काळंबेरं नाही: कनेक्शन संपलंय, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ६० सेकंद त्याची आठवण ठेवतो एवढंच. सिन-सेंट (जोडणीची विनंती गेली, उत्तर अजून नाही) मात्र शेकड्यांनी दिसले, पोर्ट एकच आणि पत्ते वेगवेगळे, तर आपला सर्व्हर लोकांची दारं ठोठावत फिरतोय असं समजा.

आणि समोर ४४३ आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. मला सापडलेला खरा चोर ४४३ वरूनच जात होता. प्रोसेसच्या यादीत त्याचं नाव चौकटी कंसात ‘केवर्कर’, अगदी कर्नलच्या थ्रेडसारखं, म्हणजे त्याच्या आतल्या कामगारासारखं. पण तो वेबसर्व्हरच्या युजरखाली चालत होता, आणि खरा केवर्कर रूटचा, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिन युजरचा असतो. शिवाय कर्नल थ्रेडच्या मागे डिस्कवरची फाइल नसते. याचा प्रॉकमधला (चालू प्रोसेसची माहिती तिथे दिसते) एक्झी दुवा, म्हणजे मूळ फाइलकडे नेणारा, टेम्प फोल्डरकडे बोट दाखवत होता आणि पुढे लिहिलेलं, ‘डिलीटेड’. फाइल पुसून टाकलेली, प्रोसेस मेमरीत जिवंत.

मी किलची कमांड टाइप करतोय तोच सिनिअर मागून म्हणाले, “अरे, थांब! मारलास तर हातात काय उरेल?” प्रोसेस जिवंत आहे तोवर त्याच दुव्यावरून पुसलेली फाइलही कॉपी करता येते, हे मला तेव्हा कळलं. कॉपी घेतली, पालक प्रोसेस कोण ते टिपलं, कनेक्शनची यादी सेव्ह केली आणि मग सर्व्हर नेटवर्कपासून तोडला. त्यानंतर त्या युजरचा क्रॉनटॅब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी, उघडला. आत एकच ओळ होती: दर पाच मिनिटांनी तीच फाइल पुन्हा उतरवून चालवायची.