जुन्या स्टॅक हाय-फाय संचाची किंमत कशी ठरवावी

आखाती देशांतून परतणाऱ्यांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत आणलेले पायोनियर, टेक्निक्स, सॅन्सुई, अकाई यांचे एकावर एक रचलेले संच आजही मुंबईतल्या आणि कोकणातल्या काही घरांत कोपऱ्यात पडून आहेत. असा संच विकायचा वा घ्यायचा असेल, तर समोरच्या चकाकत्या ॲल्युमिनियमकडे पाहण्याआधी तो भिंतीपासून ओढून त्याची पाठ पाहावी.

प्रत्येक थराला मागे स्वतंत्र पत्रा, मॉडेल क्रमांकाची पट्टी आणि जोडणीची छिद्रे असतील, तर ते खरे सुटे घटक होत. त्यांची किंमत एकेकट्याने ठरते. समोरून चार थर दिसतात, पण मागे एकच अखंड फळी आहे, असे संच १९८० च्या दशकात पुष्कळ निघाले आणि त्यांना फारसे गिऱ्हाईक नसते. मी स्वतः एकदा कपाटात बसवलेला संच नुसता समोरून पाहून सौदा केला होता. घरी आणल्यावर चारही ‘थर’ एकाच खोक्याचे निघाले. काही संचांत अ‍ॅम्प्लिफायरच इतर थरांना चपट्या केबलमधून वीज पुरवतो. तिथे एक भाग गेला की उरलेले एकटे चालत नाहीत, म्हणून भावही उतरतो.

नंतर व्होल्टेज वाचावे. खुद्द जपानसाठी बनवलेल्या यंत्रावर १०० व्होल्ट लिहिलेले असते. त्याला आपल्याकडे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, शिवाय त्या काळचा जपानी एफएम पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होऊन ९० च्या आसपास संपत असल्याने आपली बरीचशी केंद्रे त्या ट्यूनरवर, म्हणजे रेडिओच्या थरावर, लागतच नाहीत. निर्यातीच्या यंत्राला बहुधा २२० ते २४० व्होल्टची सोय असते. पीएमपीओचे, म्हणजे जाहिरातीसाठी फुगवलेल्या क्षणिक ताकदीचे, आकडे सोडून द्यावेत. प्रति चॅनेल आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे, वॅट पाहावेत आणि अ‍ॅम्प्लिफायर उचलून पाहावा, कारण त्याचे वजन मुख्यतः ट्रान्सफॉर्मरचे असते.

मग चाचणी. संरक्षक रिले, म्हणजे दोष असेल तर स्पीकर न जोडणारा स्विच, असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये वीज दिल्यावर काही सेकंदांनी ‘टक’ असा आवाज येतो. तो आलाच नाही, तर आत मोठा दोष असू शकतो. आवाजाची मूठ फिरवताना होणारी खरखर मात्र बहुधा धुळीची असते आणि साफ करून जाते, त्यामुळे तेवढ्यावरून कोणी निम्मा भाव मागितला तर देऊ नये. कॅसेट डेकची मोटर गुणगुणते, पण चकत्या फिरत नाहीत, अशा वेळी आतला रबरी पट्टा ताणलेला किंवा डांबरासारखा वितळून बोटांना चिकटणारा झालेला असतो. पट्टा स्वस्त असतो, खर्च होतो तो तंत्रज्ञाच्या वेळेचा. स्पीकरची जाळी काढून कडेचा फोम हळूच दाबावा. तो भुगा होऊन पडला, तर दुरुस्तीचा खर्च वजा करावा. टर्नटेबलची सुई झिजली आहे का, हेही पाहावे. वर टेक्निक्सचे एसएल-१२०० मार्क टू, म्हणजे १९७९ चे मॉडेल, असेल, तर ते एकटेच बाकी संचाहून महाग जाऊ शकते.

शेवटी प्रत्येक मॉडेल प्रत्यक्षात कितीला विकले गेले ते शोधावे, कारण मागितलेली किंमत कोणीही कितीही लिहितो. त्यांची बेरीज करून दुरुस्ती वजा करावी. मूळ रॅक आणि माहितीपुस्तिका असल्यास थोडे वाढवावे. सुटे विकताना टर्नटेबल आणि अ‍ॅम्प्लिफायर आधी जातात, ट्यूनर आणि डेक मागे राहतात, तेव्हा ट्यूनरची किंमत पहिल्यापासूनच कमी धरावी.