दाताची कॅप बदलायची वेळ झाली हे कसं ओळखायचं

आमच्या इंदूरात सकाळी पोह्यावर शेव आणि थंडीत सराफ्यात (रात्रीच्या खाऊबाजारात) गराडू, तो कुरकुरीत तळलेला कंद, म्हणजे कॅपची रोजच परीक्षा. माझी मागच्या दाढेवरची कॅप बारा वर्षांची होती, दुखत काहीच नव्हतं म्हणून मी निवांत, पण फ्लॉस केला की दर वेळी त्याच जागी दोरा अडकून त्याचे तंतू निघायचे आणि वास यायचा घाण. कॅपची कड हिरडीपाशी उघडी पडली होती आणि आत कीड.

दुखण्याची वाट बघूच नका, रूट कॅनाल झालेल्या दाताची नसच काढलेली असते, तो आतून सडला तरी बहुतेकदा गप्प राहतो. साधारण १०-१५ वर्षं टिकते कॅप, कधी जास्तही.

एकाच फटीत रोज अन्न अडकणं, चावताना कॅप किंचित हलणं, तिथली हिरडी सुजणं किंवा रक्त येणं, सिरॅमिकचा टवका उडणं, यातलं काहीही दिसलं तर दाखवून या. हिरडीजवळ नुसती काळी रेघ दिसली तर लगेच घाबरू नका, जुन्या मेटल-सिरॅमिक कॅपमध्ये हिरडी खाली सरकली की आतला धातू दिसतो, तेवढ्यासाठी बदलायलाच हवी असं नाही.

आणि कॅप निघालीच तर फेवीक्विक अजिबात नको हं! डबीत ठेवून घेऊन जा, खालचा दात चांगला असेल तर बरेचदा तीच परत बसते.