पाणथळ कोपऱ्यात पाणकणीस: मिरगाची लावणी, तुळशीच्या लग्नानंतरची कापणी

"जन्मभर लव्हाळा उपटला, आता तो लावायचा?" गोव्यात सत्तरी-डिचोलीकडे हा विषय काढला की पहिला प्रश्न हाच. रास्तच आहे. पण भाजीच्या वाफ्यात छळतो तो लव्हाळा म्हणजे नागरमोथा. तळ्याकाठी पुरुषभर वाढते ते पाणकणीस वेगळे.

कुळागराखाली, म्हणजे सुपारीच्या बागेखाली, भात दरवर्षी कुजते असा एखादा कोपरा असतोच; तो पाणकणसाला द्या. सरदाच्या, म्हणजे पावसाळी, भाताला मात्र चिकटून लावू नका. पाणकणसात घरटे करणारी जांभळी पाणकोंबडी देखणी खरी, पण भाताचे कोवळे कोंबही ओरबाडते.

मिरगाचे चार पाऊस झाले, चिखल मऊ झाला, पाणी अजून घोट्याखाली आहे, तेव्हा लावणी करा. तळे कोमुनिदादीचे (गावकीचे) असेल तर विचारून काठचे गड्डे काढा. वीतभर मूळ, दोन-तीन कोंब, हातभर अंतर. गड्डा बादलीत नीट धुवा. साल्विनिया या तरंगत्या तणाचा नखाएवढा तुकडा आला तरी पुढे सगळे पाणी झाकून टाकतो. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांधलेल्या शेतात, पाणी खारे, तिथे बाहेरचे रोप आणण्यात अर्थ नाही. मानशीच्या (भरतीचे पाणी अडवणाऱ्या दाराच्या) आत जे आपणहून उगवले आहे तेच वाढू द्या.

पानाचा बुंधा एकदा आडवा कापून बघा. आत जाळीदार पोकळ खण दिसतील. चिखलात हवा नसते, म्हणून मुळाला श्वास या खणांतून मिळतो, अगदी उभ्या वाळक्या पानांतूनही. म्हणून लावताना पाने छाटलीत तरी शेंडा पाण्याबाहेर हवा. बुडाला की रोप कुजले.

पाणकोंबड्या, कमळपक्षी पावसाळ्यात अंडी घालतात. तुळशीच्या लग्नापर्यंत विळा लावू नका. मग कापा, तेही अर्धेच. उरलेले पुढच्या वर्षी. राखायचे तिथे पाण्यावर वीतभर खुंट ठेवा.

पाणकणीस हावरट आहे, लहान तळी गिळते. निदान निम्मे पाणी उघडे राहू द्या, नाहीतर अडई बदके उतरणार कुठे? नको तिथले दांडे पाण्याखाली हात घालून कापा, वाळकेसुद्धा. खुंटावर पाणी उभे राहिले की हवा तुटते आणि गड्डा गुदमरतो. नवा कोंब वर आलाच तर तोही तसाच कापा. फवारणीची गरज नाही.