जुन्या सरळ-सहा इंजिनाची फेऱ्यांची मर्यादा कशी ठरवावी

एका रांगेत सहा सिलिंडर असलेल्या अशा इंजिनाची मर्यादा ठरवताना आधी स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची धाव, पाहावा. जॅग्वारच्या १९४८ सालच्या एक्सके इंजिनाचा स्ट्रोक १०६ मिलिमीटर आहे. तो मीटरमध्ये घेऊन दुप्पट करावा, मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावा आणि ६०ने भागावा, म्हणजे ५५०० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १९.४ मीटर निघतो. डॅटसन २४०झेडचे ७३.७ मिलिमीटर स्ट्रोकचे इंजिन मात्र ७००० फेऱ्यांनाही १७.२ मीटरवरच राहते. म्हणून एका गाडीचा आकडा दुसरीला लावू नये.

खरा धोका लांब क्रँकशाफ्टचा, म्हणजे पिस्टनांच्या धावेने गोल फिरणाऱ्या दांड्याचा. ठरावीक फेऱ्यांना तो पिळवटल्यासारखा थरथरतो, आणि ती थरथर पुढच्या टोकाचा डॅम्पर शोषून घेतो. त्याचा मधला भाग आणि बाहेरचे कडे यांना जोडणारे रबर वयोमानाने कडक होऊन तडकते. डॅम्परच्या मधल्या भागापासून बाहेरच्या कड्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढावी, गाडी फिरवून आणावी, इंजिन बंद करावे आणि पाहावे: रेघेचे दोन तुकडे सरकलेले दिसले, तर कडे घसरले आहे, आणि डॅम्पर बदलेपर्यंत इंजिन अजिबात ताणू नये. बेअरिंग उघडून तपासलेले नसेल, तर कारखान्याच्या लाल रेषेच्या, म्हणजे त्याने ठरवलेल्या कमाल फेऱ्यांच्या, निदान ५०० फेऱ्या अलीकडेच थांबावे, असे माझे ठाम मत आहे. तेल पुरते तापेपर्यंत तर ३०००च्या वर जाऊच नये.